कंपनी सोडताना

एकाच कंपनीचा फोन वर्षानुवर्षे वापरणारा माणूस दुसऱ्या कंपनीच्या नव्या फोनकडे वळून पाहू लागतो तो साधारण पावसाळ्यात. सॅमसंगची गॅलॅक्सी एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत येऊन गेलेली असते. गूगलचा पिक्सेल अलीकडे ऑगस्टमध्ये येतो, आयफोन सप्टेंबरात. त्याच्या मागोमाग घटस्थापना ते दिवाळी या दिवसांत ऑनलाइन सेल लागतात. नवा आयफोन आला की आदल्या वर्षीचा उतरतो: सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ भारतात ७९,९०० रुपयांना आला, त्याच दिवशी आयफोन १५ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. त्यामुळे थांबणे हाही खरेदीचाच भाग आहे. जुलैत पक्का झालेला बेत दसऱ्यापर्यंत दोन-तीनदा मोडतो.

मराठी बोलण्यात फोनला ब्रँडपेक्षा ‘कंपनी’ जास्त असते. ‘कोणत्या कंपनीचा घेतलास?’ हा पहिला प्रश्न, मॉडेल त्यानंतर. लग्नाच्या बोलणीत घराणे विचारावे तसा हा प्रश्न येतो. उत्तर देणाराही बहुधा थोडा ताठ होतो. आयफोनवाला, सॅमसंगवाला, वनप्लसवाला ही विशेषणे माणसांना चिकटतात, आणि आठ-दहा वर्षे आयफोनवाला म्हणून ओळखल्या गेलेल्याला उद्या वेगळा फोन काढून टेबलावर ठेवणे जड जाते. कुणी काही म्हणत नाही. पण सगळे पाहतात.

तुलनेची सुरुवात आकड्यांपासून होते. बॅटरी किती एमएएचची, चार्जिंग किती वॉटचे, स्क्रीनचा रिफ्रेश रेट किती, प्रोसेसर कोणता, अपडेट किती वर्षे. ही यादी वाचण्याची पद्धत ठरलेली आहे. आपल्या कंपनीचा आकडा मोठा असेल तर तो निर्णायक. लहान असेल तर ‘रोजच्या वापरात काही फरक पडत नाही.’ स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटली जाते तो तिचा रिफ्रेश रेट. सॅमसंगने २०२० मध्ये गॅलॅक्सी एस२० मालिकेत १२० हर्ट्झची स्क्रीन दिली. ॲपलने ती २०२१ मध्ये फक्त प्रो फोनना दिली. साधा आयफोन ६० वरच राहिला, तो थेट २०२५ च्या आयफोन १७ पर्यंत. मधल्या पाच वर्षांत आयफोनवाल्यांकडून १२० हर्ट्झ ही चैन असल्याचे ऐकायला मिळे. आयफोन १७ आल्यावर तीच गोष्ट त्या फोनचा मोठा गुण ठरली.

दुसऱ्या बाजूलाही तोच हिशेब आहे. २०२० च्या एस२० अल्ट्रात ५,००० एमएएचची बॅटरी होती. २०२५ च्या एस२५ अल्ट्रातही तेवढीच आहे. दरम्यान चिनी कंपन्यांनी सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटऱ्या आणल्या. त्यात ऋण अग्राच्या ग्राफाइटला सिलिकॉनची जोड असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वीज साठते. वनप्लस १३ याच जोरावर ६,००० एमएएचवर गेला. सॅमसंगवाला म्हणतो की सॅमसंग सुरक्षेला जपते. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, विमानांत तो फोन नेण्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये त्याचे उत्पादनच बंद करावे लागले. गंमत अशी की पुढच्या वर्षी नोट ८ आला तेव्हा नोट वापरणारे अनेक लोक रांगेत होतेच. ज्या फोनने पेट घेतला त्याच्या धाकट्या भावाला त्यांनी खिशात ठेवले, कारण पेन असलेला दुसरा तोडीचा फोन बाजारात नव्हता.

कंपन्यांना ही निष्ठा ठाऊक असते आणि त्या तिला डिवचतात. २०११ च्या अखेरीस सॅमसंगने अमेरिकेत जाहिरात काढली, तीत आयफोनसाठी रांगेत ताटकळणाऱ्यांची टर उडवलेली होती. २०१७ च्या जाहिरातीत एक तरुण २००७ पासून दर खेपेला आयफोन घेत जातो आणि शेवटी गॅलॅक्सीकडे येतो. ॲपलने २०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढले तेव्हा सॅमसंगने खिल्ली उडवली. २०१९ च्या नोट १० मध्ये स्वतःचेही काढले. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर गेला, पुन्हा खिल्ली. तीनच महिन्यांनी जानेवारी २०२१ मध्ये एस२१ च्या डब्यातही चार्जर नव्हता. प्रतिस्पर्ध्याला हसलेल्या चाहत्यांची यात पंचाईत होते. कंपनी आपली जुनी थट्टा गुपचूप काढून टाकू शकते. मित्रांच्या ग्रुपवर चाहत्याने केलेली मात्र तशीच राहते.

आकडे आणि टोमणे यांनी वाद रंगतो, पण कंपनी सहसा सुटत नाही. मोबाइलच्या दुकानात काउंटरवर थोडा वेळ उभे राहून ऐकले तर फोन बदलणारा माणूस नव्या फोनचे गुण कमी सांगतो आणि जुन्याचे एकच दुखणे पुन्हा पुन्हा सांगतो. ‘संध्याकाळपर्यंत चार्जिंग टिकत नाही.’ ‘कॅमेरा चालू केला की तापतो.’ ‘अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेघ आली.’ ‘स्टोरेज फुल, स्टोरेज फुल.’ हे दुखणे वर्षभर साचलेले असते. नवा फोन बहुतेकदा निमित्तच असतो.

भारतातल्या सॅमसंगवाल्यांचे असे साचलेले दुखणे म्हणजे प्रोसेसर. एकाच नावाच्या गॅलॅक्सी एस फोनमध्ये अमेरिकेत क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन आणि भारतात, युरोपात सॅमसंगचा स्वतःचा एक्झिनॉस अशी विभागणी अनेक वर्षे होती. एक्झिनॉस जास्त तापतो, बॅटरी लवकर खातो ही तक्रार २०२० च्या एस२० पासून फारच वाढली. २०२२ मध्ये एस२२ भारतात स्नॅपड्रॅगनसह आला, २०२३ चा एस२३ जगभर स्नॅपड्रॅगनवरच होता. चाहते सुखावले. २०२४ मध्ये एस२४ आणि एस२४ प्लस भारतात पुन्हा एक्झिनॉसवर आले. स्नॅपड्रॅगन फक्त अल्ट्राला. चिप चांगली की वाईट यापेक्षा ‘पैसे तेवढेच, माल दुसरा’ ही भावना जास्त बोचली. २०२५ च्या एस२५ मालिकेत सगळीकडे स्नॅपड्रॅगन आला, पण मधल्या काळात ज्यांना जायचे होते ते गेले होते.

आयफोनकडे जाणाऱ्याला भारतात अडवणारी कारणेही अशीच घरगुती होती. २०१८ च्या आयफोन एक्सएसपर्यंत एकाही आयफोनमध्ये दोन सिम चालत नसत. एक नंबर घरचा, एक धंद्याचा असलेल्या माणसाने आयफोन घेतला तरी सोबत दुसरा फोन बाळगावाच लागे. कॉल रेकॉर्डिंग हे दुसरे कारण. बांधकाम ठेकेदार, एजंट, मार्केट यार्डातले व्यापारी यांना भाव आणि शब्द नोंदवून ठेवायची सवय. आयफोनवर ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आयओएस १८.१ सोबत आली, तीही ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ असे पलीकडच्याला ऐकवून. तोवर गूगलने आपल्या डायलरमध्येही अशीच सूचना घातली होती. म्हणजे अँड्रॉइडचा हा फायदा अँड्रॉइडनेच अर्धा घालवला.

मनगटावरचे घड्याळ हा आणखी एक दोर. ॲपल वॉच फक्त आयफोनशी जोडता येते, आणि २०२१ च्या गॅलॅक्सी वॉच ४ पासून सॅमसंगची घड्याळे आयफोनशी बोलत नाहीत. फोन बदलायचा म्हणजे घड्याळही बदलायचे. ऐंशी हजारांचा हिशेब लाखावर जातो आणि बरेच जण इथेच माघार घेतात. पुढे याला ते निष्ठा म्हणतात.

या निष्ठेचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण नोकियाचे आहे. २००३ चा नोकिया ११०० धूळ झेलणाऱ्या कीपॅडमुळे आणि टॉर्चमुळे शेतापासून लोकलपर्यंत पोहोचला. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कंपनीचा कारखाना उभा राहिला. पण दोन सिमचा फोन द्यायला नोकियाने फार उशीर केला, तेवढ्यात मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी ते गिऱ्हाईक नेले. वरच्या थरातल्या गिऱ्हाइकाला अँड्रॉइड हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनचा हात धरला. त्यावर चालणाऱ्या लुमिया फोनची बांधणी आणि कॅमेरा यांची आजही आठवण काढणारे भेटतात. त्यांना गाठले ते ॲपच्या दुष्काळाने. ब्लॅकबेरीवाल्यांचेही तेच. व्हॉट्सॲपने २०१७ च्या अखेरीस ब्लॅकबेरी आणि २०१९ च्या अखेरीस विंडोज फोन सोडले, तेव्हा शेवटच्या कट्टर माणसालाही फोन बदलावा लागला. घरचा ग्रुप जिथे चालत नाही तो फोन भारतात चालत नाही.

ठरले की काम काउंटरवर येते. आधी एक्सचेंज. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक घेतात, फोन उजेडात तिरका धरून चरे पाहतात, पांढरा पडदा लावून रेघ किंवा डाग शोधतात, कोपरे चाचपतात. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ किती टक्के हे पाहतात. ८० च्या खाली असेल तर भाव पडतो. जपून वापरला, कव्हर कधी काढले नाही, हे मालक सांगतो. त्याचा भावाशी संबंध नसतो. आयफोनला जुना झाल्यावरही बरा भाव येतो, आणि तो पाहून आयफोनवाल्याची निष्ठा पुन्हा डोके वर काढते: पुढचा घेतला तर एवढे तरी सुटतील.

खरे अवघड काम डेटा हलवण्याचे. एकाच कंपनीत राहिले तर दोन फोन शेजारी ठेवायचे, अर्ध्या-एक तासात सगळे जागच्या जागी. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट गेले की फोटो आणि नंबर नव्या फोनवर जातात, अडते ते व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरचा त्याचा बॅकअप गूगल खात्यात असतो, आयफोनवरचा आयक्लाउडमध्ये. एकाचा दुसऱ्याला वाचता येत नाही. गप्पा इकडून तिकडे नेण्याची अधिकृत सोय २०२१ मध्ये आयफोनकडून सॅमसंगकडे आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडकडून आयफोनकडे अशी सुरू झाली. त्याआधी असे जाणे म्हणजे वारलेल्या माणसाचे शेवटचे मेसेजही मागे सोडणे होते. कित्येकांनी फोन बदलला नाही त्याचे कारण हे होते, आणि ते कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात लिहिलेले नसते.

यानंतर यूपीआय. नव्या फोनवर सिममधून मेसेज जाऊन खाते पुन्हा जोडावे लागते आणि सुरुवातीचा काही काळ व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा असते. बँकांची ॲप पुन्हा ओटीपी मागतात. पुढचे पंधरा दिवस बोटांचे. अँड्रॉइडवर कोणत्याही कडेने सरकवून मागे जायची सवय असलेला माणूस आयफोनच्या उजव्या कडेवर बोट घासत बसतो. आयफोनवरून अँड्रॉइडवर आलेल्याला कीबोर्ड परका वाटतो, मराठी लिहिताना जोडाक्षर भलत्याच जागी सापडते. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आपला जुनाच बरा होता’ हे वाक्य येतेच. महिन्याने ते विसरलेले असते.

कंपनी बदलणाऱ्याने एक गोष्ट मात्र आधी पाहून ठेवावी. व्हॉट्सॲप हलवायला दोन्ही फोन समोर चालू लागतात, आणि अँड्रॉइडकडून आयफोनकडे जाताना हे काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करणे सोयीचे. नंतर आठवले तर बहुधा तो पुसून पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते. ऑनलाइन एक्सचेंजमध्ये मात्र नवा फोन आणणारा माणूस जुना दारातच घेऊन जातो. तेव्हा एक्सचेंजच्या चौकटीत खूण करू नये. दोन-तीन हजार कमी आले तरी चालतील. जुना फोन महिनाभर घरात ठेवावा, गप्पा, फोटो आणि बँका नव्यात नीट आल्याची खात्री करावी, जुन्यातले खाते काढावे आणि मग तो दुकानात विकावा.