सुट्टी, काम आणि सोडत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कुरवंड्यात सुट्टीचा वार हा कामाचा वार असतो. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळा असेल तर विचारूच नका, टायगर पॉइंटच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि गावातली पोरं कणसं भाजायला, भजी तळायला, बंगल्यांवर राबायला जातात. दुसऱ्याची सुट्टी ही आमची रोजी. त्यामुळं परदेशात सुट्टीला जाऊन काम करायचाही व्हिसा असतो, हे ऐकून शेजारच्या वहिनी हसल्याच. "ते तर आपण इथंच करतोय की!"

पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. त्यांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, सत्तावीस वर्षांचा. मी कविता लिहितो, म्हणून गावात कुठलाही अर्ज वाचायला माझ्याकडे येतो. (कविता वाचायला कुणी मागत नाही, तो भाग वेगळा.) एका एजंटाचं पत्रक घेऊन तो आला. "चाचा, तीन लाख दिले की ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नक्की, असं म्हणतोय. बाबा एक गुंठा विकायला निघालेत." नागफणीच्या आसपास बंगले उठत गेले, तशी इथली जमीन गुंठ्यागुंठ्यानं गेली. या घराकडं आता फार उरलेली नाही.

मग मी नीट माहिती काढली. ऑस्ट्रेलियानं अशी योजना १९७५ साली सुरू केली, ती ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी. ब्रिटनमध्येही राष्ट्रकुलातल्या तरुणांना काम करत सुट्टी घालवायची सोय होती, आपल्यालाही होती. नोव्हेंबर २००८ मध्ये तिची जागा नव्या योजनेनं घेतली आणि त्या यादीत भारत नव्हता. ते दार पुन्हा किलकिलं झालं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये: वर्षाला तीन हजारांपर्यंत भारतीय पदवीधर, वय १८ ते ३०, मुक्काम दोन वर्षं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यातून वर्षाला एक हजार जागा आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिली नोंदणी झाली. पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आल्याचं तिथल्या सरकारनं सांगितलं होतं.

दोन्हीकडं निवड होते ती सोडतीनं. म्हाडाच्या घरांसारखी. ब्रिटनच्या सोडतीला पैसे पडत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीला २५ डॉलर, सोबत पासपोर्ट आणि पॅन कार्ड. एका माणसाची एकच नोंदणी. संगणक चिठ्ठी काढतो, त्यात एजंटाचा हात कुठं पोचणार? "नक्की" हा शब्द जिथं आला, तिथंच पत्रक खोटं ठरलं. नाव निघालं तरी तो व्हिसा नव्हे. अर्ज करायची परवानगी तेवढी मिळते. पुढं व्हिसाची फी निराळी, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, आयईएलटीएसमध्ये सरासरी साडेचार गुण, आणि खात्यात पाच हजार डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, आपल्याच खात्यात दाखवायचे असतात. एजंटानं नेमका तोच आकडा मागितला होता, ही मला मोठी गंमत वाटली.

आमच्या नात्यातली कोकणातली कितीतरी माणसं आखातात गेली. ती उघडउघड रोजीला गेली. व्हिसा एका मालकाच्या नावावर. तो मालक सोडला की देश सोडावा लागे. हा व्हिसा त्याच्या उलट आहे. मुक्काम बारा महिने, पण एका मालकाकडं साधारणपणे सहा महिन्यांच्या वर राहायचं नाही. चार महिने शिकताही येतं. मिळकतीवर पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर, पंचेचाळीस हजार डॉलरपर्यंत. मुलांना सोबत नेता येत नाही. आणि दुसरं वर्ष हवं असेल तर? ठरवून दिलेल्या भागांत तीन महिने ठराविक कामं करायची: फळं तोडणं, शेतावर राबणं वगैरे. हंगामात हात कमी पडतात, ते असे भरून काढतात. व्यवहार सरळ आहे; त्याला सुट्टी म्हटलं की कानाला गोड लागतं, एवढंच.

हे सगळं मी त्याच्या वडिलांपुढं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गुंठा विकून चिठ्ठीच घ्यायची होती."

गुंठा राहिला. पोरानं स्वतःच २५ डॉलर भरले. चिठ्ठीत नाव आलं नाही. एकतिसावं लागेपर्यंत अजून काही सोडती हाताशी आहेत, असा त्याचा हिशेब आहे. तोवर शनिवार-रविवारी तो कणसाच्या गाडीवर असतो आणि इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं, की बापाला बाजूला सारून स्वतः पुढं होतो.