हवळाचा उडालेला रंग

उन्हाळ्यात सुरतेला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. डिंडोलीलगतच्या नवागाम भागात तिचे घर आहे. तिथे खानदेशी मराठी कानावर पडते, त्यामुळे परगावी आल्यासारखे वाटत नाही.

भाच्याने खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आहे. तीत चार मासे आणि बटण व मशरूम जातीचे मऊ प्रवाळ. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर कन्नड. त्या म्हणाल्या, "हे तर हवळ!" आपल्या पोवळ्याचेच कन्नड नाव. पण इथे सगळे चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी!

भाचा हिरमुसला. "मामा, आणले तेव्हा हिरवे-जांभळे होते. रंग यावा म्हणून जोरदार दिवा लावला, तर दोन पांढरेच पडले."

वाचकहो, प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि यजमानाला देते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट फार झाले किंवा उजेड कमी पडला की शैवाल दाटते आणि त्याचा तपकिरी रंग प्रवाळाचा मूळ रंग झाकतो. उलट उजेड एकदम वाढला किंवा पाणी तापले, तर प्रवाळ शैवालालाच बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो.

मग आम्ही एका वेळी एकच बदल करायचे ठरवले. आधी दिवा मंद केला. पुढे दर आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा. माशांचे खाणे निम्म्यावर आणले. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, तेही आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून. नायट्रेट 5 ते 10 पीपीएमवर ठेवायचे. शून्य केले तरी प्रवाळ फिकटतो.

खरी चूक वेगळीच निघाली. सुरतेच्या उकाड्यात टाकीवर पंखा लावला होता, ते ठीक. पाणी 25-26 अंशांवर राहते. पण आटलेल्या पाण्याच्या जागी भाचा खारे पाणी ओतत होता. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते! भर घालायची ती गोड्या पाण्याची.

तेवढ्यात एका विक्रेत्याचा फोन आला: फांद्यांचा रंगीत दगडी प्रवाळ स्वस्तात देतो. मी भाच्याला थांबवले. बटण-मशरूम हे दगडी प्रवाळ नव्हेत. पण खडक बांधणारे सर्व दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. हौसेपायी तुरुंग कशाला?

ते पाहायचे तर समुद्रातच पाहावेत. जामनगरजवळ पिरोटन बेट आहे, आपल्याकडे मालवण आणि मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी. पण तिथलेही रंग धोक्यात आहेत. तापलेल्या समुद्रामुळे जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाली. समुद्रावर पंखा लावता येत नाही.

दिवाळीत भाच्याने फोटो पाठवला. पांढऱ्या पडलेल्या दोघांपैकी एक गेला, दुसऱ्याच्या कडेला हिरवी झाक आली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "छलो ऐति!" भाच्याला कन्नड येत नाही, पण अर्थ बरोबर पोचला.