पासपोर्ट कुठला?

मार्च 2020 च्या अखेरीस जळगाव जिल्ह्यातला पहिला करोनारुग्ण जळगाव शहरातल्या मेहरूणमध्ये निघाला आणि गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू आडवे झाले. गणपतीची वर्गणी असो की मशिदीचा चंदा, दारात उभं राहून मागायची इथली रीत. तीच बंद पडली. पैसे फोनवरून येऊ लागले.

खरं काम संध्याकाळी सुरू होई. मदत गोळा करणाऱ्या गटाचे खजिनदार वही, पासबुक आणि फोन घेऊन बसत. ‘पाठवले’ असा निरोप काकाचा, खातं पुतण्याचं, बँकेच्या नोंदीत नाव तिसरंच. मग फोनाफोनी. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही, हेही प्रत्येकाला समजावायचं. कुणी म्हणे, ‘माह्यं नाव नका लिहू, भाऊ.’ गुप्तदान लिहून पावती फाडायची. देणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, हिशेब जुळवणाऱ्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही.

तिकडे जागतिक आरोग्य संघटनेसाठी 13 मार्च 2020 ला खुल्या झालेल्या निधीत साडेसहा लाखांवर देणगीदारांचे 24 कोटी डॉलरहून जास्त जमले. परदेशातून थेट मेहरूणला पैसे पाठवणं मात्र त्या निधीला देण्याहून अवघड होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव सुरू झाली, अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांचे फोन येऊ लागले. खजिनदारांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पासपोर्ट कुठला?’ समोरचा चिडायचा. पण भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे ही परकीय देणगी ठरत नाही. तोच मुलगा अमेरिकन नागरिक झालेला असेल, तर ठरते. मग संस्थेला केंद्राची नोंदणी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. परकीय देणगीच्या कायद्यातल्या सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं असा पैसा दुसरीला देणंही बंद झालं, म्हणजे मोठ्या संस्थेच्या आडोशानं छोट्या गटाचं भागण्याची वाट संपली. पैशावर नजर हवी, मान्य. पण लाट ऐन भरात असताना नोंदणीसाठी थांबणार कोण?

शेवटी गावातल्याच पैशांतून मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारी यंत्रं आली. गंभीर रुग्णाला ती पुरत नाहीत, बऱ्या होणाऱ्याला पुरतात. घरोघरी देताना अनामत, परतीची तारीख, सही, सगळं वहीत. आता त्या यंत्रांच्या गाळण्या बदलायच्यात. त्यासाठी वर्गणी मागितली की लोक विचारतात, ‘करोना तर गेला ना?’