सीडी-४ मोजतात कशा?

लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त दिलं की सीबीसीत लिम्फोसाइट किती ते कळतं. पण त्यांतल्या सीडी-४ पेशी, म्हणजे पृष्ठभागावर सीडी-४ हे प्रथिन असलेल्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखूच येत नाहीत. म्हणून चमकणारा रंग लावलेल्या अँटिबॉडी रक्तात मिसळतात. त्या सीडी-४ला चिकटतात. मग फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात आणि चमकणाऱ्या मोजल्या जातात.

निरोगी माणसात घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १,५०० निघतात. एचआयव्हीत २००च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो. पूर्वी औषधं सुरू करायला हा आकडा घसरायची वाट पाहत. भारतात २०१७पासून ती अट गेली, हे फार चांगलं झालं. धडधाकट माणसानं मात्र 'इम्युनिटी'च्या हौसेपायी ही तपासणी करू नये. सीडी-४ सकाळ-संध्याकाळसुद्धा कमीजास्त होतात.