बिनतारी चिपची झाकली मूठ

वस्तू विकत घेतली की ती चालविण्यासाठी लागणारे ज्ञानही किमतीत आलेच, असे ग्राहक गृहीत धरतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत कित्येकदा पेटीच्या आतच मंडलाची आकृती चिकटवलेली असे. दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण काढावे, आकृती पाहावी आणि कामाला लागावे. संगणकातील बिनतारी चिपच्या बाबतीत मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात निराळीच वाटणी झाली. चिप ग्राहकाच्या मालकीची, पण तिच्याशी बोलावे कसे हे कारखानदाराचे गुपित!

ऑपरेटिंग सिस्टिमचा जो अंतर्भाग यंत्राशी प्रत्यक्ष व्यवहार करतो त्यास कर्नल म्हणतात. कर्नलच्या लेखी चिप म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक मांडणी होय. कोणत्या खणात कोणता आकडा लिहिला असता चिप जागी होते, कोणत्या खणातून लहरींची वाहिनी निवडली जाते, हवेतून आलेला संदेश स्मृतीत कोठे उतरवावा हे तिला कसे सांगावयाचे, या सर्वांची नोंद असलेले वर्णन हाती नसेल तर उत्तम चिपही मुकीच राहते. हे वर्णन कारखान्यात तयार असतेच. त्यावाचून खुद्द कारखान्यालाही आपला ड्रायव्हर लिहिता आला नसता.

ब्रॉडकॉम कंपनीने विंडोजसाठी ड्रायव्हर दिला, वर्णन मात्र दिले नाही. लिनक्स वापरणाऱ्यांच्या लॅपटॉपमधील तिच्या चिपा त्यामुळे निकामी पडून राहू लागल्या. यातील विसंगती अशी की, याच कंपनीची चिप असलेला लिंक्सिसचा राउटर स्वतः लिनक्सवरच चालत होता! लिनक्सच्या परवान्यातील अटींमुळे २००३ साली त्या राउटरचा मूळ कार्यक्रम प्रसिद्ध करणे भाग पडले; पण नेमका बिनतारी भाग तेवढा यंत्रभाषेत बंदिस्त ठेवण्यात आला.

स्वयंसेवकांनी तोच बंद भाग उलगडावयास घेतला. त्यांनी कामाची केलेली विभागणी मोठी मार्मिक होती. एका गटाने यंत्रभाषेतील आज्ञा वाचून चिपचे वर्णन साध्या शब्दांत लिहावे. दुसऱ्या गटाने मूळ कार्यक्रमाकडे डोळे वर करून न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचावा. लेखाधिकार मांडणीला असतो, वस्तुस्थितीला नसतो, हे तत्त्व त्यांनी अशा रीतीने सांभाळले. हा ड्रायव्हर २००६ साली लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाला आणि २००८च्या जानेवारीत त्याची सुधारित आवृत्ती, बी-४३, आली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार तपासण्याजोगा आहे. वर्णन तयार करण्याचा खर्च कंपनीने एकदा केलेलाच होता आणि त्याची आणखी एक प्रत देण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य. तरीही तेच ज्ञान समाजाला पुन्हा, अंधारात चाचपडत, कुशल माणसांची वर्षे खर्ची घालून निर्माण करावे लागले. हे श्रम विनामोबदला असल्यामुळे कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्यांची नोंद नाही. म्हणून ते फुकट होते असे मात्र नव्हे.

कारखानदारांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. स्पर्धकाला आपली रचना कळू नये हे एक कारण. आणि वापरणाऱ्याने प्रक्षेपणाची शक्ती वा वाहिनी मन मानेल तशी बदलल्यास नियामक आपल्याला जबाबदार धरतील, ही भीती दुसरे. या दुसऱ्या कारणात तथ्य आहे, कारण लहरींचे क्षेत्र ही सामायिक मालमत्ता होय. परंतु विहिरीवर पाणी उपसण्याचा नियम करणे वेगळे आणि रहाटच कोणाला दिसू न देणे वेगळे.

ॲथेरॉस कंपनीनेही याच सबबीवर आपल्या ड्रायव्हरचा एक थर बंद ठेवला होता. ओपनबीएसडीच्या गोटात त्या थराला स्वतंत्र पर्याय लिहिला गेला आणि २००८ साली कंपनीने आपल्या नव्या चिपांचा ड्रायव्हर स्वतः होऊन संपूर्ण खुला केला. त्यामुळे आकाश कोसळले नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही तोच मार्ग धरला, तोही केवळ नव्या चिपांपुरता. जुन्या चिपांचे मालक अद्यापि स्वयंसेवकांनी लिहिलेल्या त्या वर्णनावर आणि त्यातून उभ्या राहिलेल्या बी-४३वरच विसंबून आहेत. आणि चिपच्या पोटात भरावयाचे फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्यामुळे ते त्यांना कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावे लागते.