मॉड्यूल आपलं, डेटा साइटचा

एका ग्रंथालयाची मराठी-इंग्रजी साइट ड्रुपलवर चालते असं समजा. वर्षभरात किती व्याख्यानं झाली तो आकडा पहिल्या पानावर दिसावा, एवढीच मागणी. नवा डेव्हलपर थेट डेटाबेस उघडतो, ‘नोड_फील्ड_डेटा’ हे टेबल शोधतो, एका ओळीची क्वेरी लिहितो आणि आकडा येतो जवळजवळ दुप्पट. कारण त्या टेबलात प्रत्येक भाषेची स्वतंत्र ओळ असते. मराठी नोंदीची एक, तिच्याच इंग्रजी भाषांतराची दुसरी. अजून प्रकाशित न केलेली व्याख्यानंही त्यातच मोजली गेलेली असतात.

डेटापर्यंत कुठल्या वाटेनं जायचं याची चर्चा बहुतेकदा वेगावरून होते. माझ्या मते आधी विचारायला हवं ते वेगळंच: ही वाट धरली तर साइट आपल्यासाठी जे गुपचूप करत होती, त्यातलं काय काय आता आपल्याला करावं लागेल?

द्रीस बॉयटार्टनं २००१ मध्ये खुलं केलेलं ड्रुपल मॉड्यूल लिहिणाऱ्याला ढोबळमानानं दोन वाटा देतं. एक एंटिटीची: व्याख्यान ही एक सबंध वस्तू मानायची, ती मागायची, बदलायची, सेव्ह करायची. दुसरी डेटाबेस एपीआयची: टेबलं, जॉइन, अटी सगळं आपणच लिहायचं.

पहिली वाट लांबची वाटते खरी. पण व्याख्यानाची तारीख एंटिटीमार्फत बदलली की इतर मॉड्यूलना त्याची खबर जाते आणि ती नोंद ज्या ज्या पानावर आहे त्या पानांची कॅशेतली जुनी प्रत बाद होते. तीच तारीख थेट ‘अपडेट’ क्वेरीनं बदलली, तर डेटाबेसमध्ये नवी तारीख आणि वाचकाला मात्र जुनीच दिसत राहते. लोक चुकीच्या दिवशी सभागृहात येतात आणि डेव्हलपर म्हणतो, डेटाबेस तर बरोबर आहे! म्हणून साइटच्या मजकुरात काही लिहायचं असेल, तर मी थेट क्वेरीचा विचारही करणार नाही.

वाचण्याची गोष्ट थोडी वेगळी. दहा हजार नोंदींची महिन्यावार बेरीज हवी असताना प्रत्येक नोंद पूर्ण लोड करणं म्हणजे सर्व्हरची मेमरी वाया घालवणं. बेरीज डेटाबेसलाच करू द्यावी. आणि मॉड्यूलचं स्वतःचं टेबल असेल, उदाहरणार्थ कोणतं पान किती वेळा उघडलं याची नोंदवही, तर त्यासाठी एंटिटीचा पसारा कशाला? तिथे डेटाबेस एपीआयच योग्य. मात्र तिथेही वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात जोडायचा नाही. जागा राखून ठेवायची आणि किंमत वेगळी पाठवायची. टेबलाचं नाव महिरपी कंसात लिहायचं, म्हणजे एखाद्या साइटनं टेबलांना उपसर्ग लावला असला तरी क्वेरी चालते.

एपीआय तरी निर्दोष असतो का? नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ च्या नेमक्या याच थरात एसक्यूएल इंजेक्शनची गंभीर चूक जाहीर झाली. यादी पाठवली की त्या यादीतल्या कीज न तपासता क्वेरीच्या मजकुरात जात होत्या. घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेली साइट फोडली गेली आहे असंच धरून चाला, असा इशारा सुरक्षा पथकाला नंतर द्यावा लागला. तरीही या प्रसंगाकडे मी एपीआयच्या बाजूचा पुरावा म्हणूनच पाहतो. दुरुस्ती गाभ्यातल्या एका ओळीची होती आणि ती बसवताच त्या थरातून जाणारी सगळी मॉड्यूल त्या चुकीपासून सुरक्षित झाली. प्रत्येकानं आपापली जोडणी हातानं लिहिली असती, तर अशा चुका शोधायच्या कुठे कुठे?

परवानगीचा मुद्दा मात्र अजूनही नजरेतून सुटतो. ‘नोड_फील्ड_डेटा’वरची साधी क्वेरी विचारणारा कोण हे पाहत नाही, फक्त सभासदांसाठी असलेल्या नोंदींची शीर्षकंही ती पाहुण्याला देऊन टाकते. ड्रुपल १० मध्ये मजकुराची एंटिटी क्वेरी लिहिताना परवानगी तपासायची की नाही हे स्पष्ट लिहावंच लागतं, नाहीतर क्वेरी चालतच नाही. दुसऱ्याचं मॉड्यूल तपासायला घेतलं की मी आधी ती ओळ शोधतो. तिथे ‘नाही’ लिहिलेलं असेल, तर त्याचं कारण शेजारच्या टिपेत असलं पाहिजे.