सुंदरी वृक्ष : एक प्रजाती, दोन दर्जे

कोलकात्याच्या उत्तरेस डमडमच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला हा सारा प्रदेश एकेकाळी खारफुटीचे अरण्य होता, याची कल्पना क्वचितच असते. एकोणिसाव्या शतकात जवळच्या शियालदह येथे तलाव खोदताना सुमारे ३० फूट खोलीवर सुंदरी वृक्षांची खोडे आढळली होती. आज नैसर्गिक अवस्थेतील सुंदरी पाहण्यासाठी सुंदरबन गाठावे लागते. तेथेही भारतीय भागात ती विरळ आहे, बांगलादेशात अधिक.

सुंदरी (हेरिटिएरा फोमिस) आणि तिच्याच प्रजातीतील हेरिटिएरा लिटोरॅलिस यांत साम्य पुष्कळ आहे. दोहोंची फुले लहान, घंटेसारखी व पाकळ्यांविना असतात. पानांची खालची बाजू चंदेरी असते. ओडिशातील भितरकनिका येथे दोन्ही जाती आढळतात. मात्र सुंदरीची श्वसनमुळे चिखलातून वर येतात, तर दुसरीच्या बुंध्याशी फळीसारखी आधारमुळे असतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सुंदरी ‘संकटग्रस्त’ आहे. लिटोरॅलिस ‘किमान चिंता’ या वर्गात मोडते. याचे एक कारण भौगोलिक आहे. लिटोरॅलिसची तरंगणारी फळे समुद्रमार्गे दूर जातात. ती पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत पसरली आहे. सुंदरी प्रामुख्याने भारत, बांगलादेश व म्यानमारपुरती मर्यादित आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. खारफुटी म्हणजे खाऱ्या पाण्याचीच वनस्पती, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. सुंदरीला मात्र गोड्या पाण्याचा पुरवठा लागतो. विद्याधरी, मातला या नद्यांचा वरच्या प्रवाहाशी असलेला संबंध गाळामुळे तुटला आणि तेथील क्षारता वाढली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या फरक्का बंधाऱ्याचे पाणी हुगळीला मिळते, या मधल्या नद्यांना नव्हे. बांगलादेशात कोरड्या ऋतूत गोराई नदीचा प्रवाह घटला. तेथे सुंदरीचे शेंडे वाळण्याच्या रोगामागे वाढती क्षारता हे एक कारण मानले जाते. शिवाय कठीण, टिकाऊ लाकडामुळे नौकाबांधणीसाठी तिची तोडही झाली.

लाल यादी हा कायदा नव्हे. सुंदरबनला १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचे, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाले. २०१९ मध्ये ते रामसर स्थळही झाले. त्यामुळे कुऱ्हाड थांबवता येते. नदीचे पाणी मात्र उद्यानाच्या सीमेबाहेरून, वरच्या खोऱ्यातून यावे लागते, आणि तेथे वाटा मागणारी शेते व शहरे आहेत.